परदेशातली सही आणि गावचा सातबारा



वसंत व्याख्यानमालेत विषय कसा असावा ह्याबद्दल आपल्याकडे काही संकेत आहेत. काव्य, इतिहास, अध्यात्म, फार झाले तर अर्थकारण. त्या पंक्तीत माझा आजचा विषय म्हणजे ताटात वाढलेले मीठच म्हणायचे. मुखत्यारपत्र, नोटरी, वकिलातीचा शिक्का ह्या गोष्टींवर तासभर बोलायला एक वकील उभा राहिला, तर श्रोत्यांनी आधी घड्याळाकडे पाहावे, हे स्वाभाविक आहे. परंतु मीठ कमी पडले म्हणजेच त्याची किंमत कळते. गेल्या काही वर्षांत ह्या परिसरातील किती घरांत ती कळली आहे, हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे.

सिद्धेश्वरच्या मंडळींना एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पूर्णेचे पाणी येलदरीला साठते, तेथून ते खाली सोडतात, ते आपल्या सिद्धेश्वरच्या धरणात येते, मग कालव्यात, कालव्यातून चारीत आणि चारीतून वावरात. मध्ये एक दार जरी बंद राहिले, तरी वर कितीही पाणी असो, खालचे पीक वाळते. परदेशात केलेल्या सहीचे तसेच आहे. सही करणारा तिकडे, जमीन इकडे. त्या दोहोंच्या मध्ये चार दारे आहेत. कोणते दार कोणी उघडायचे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

एके काळी हा प्रश्न आपल्याला पडत नसे, कारण सही करणारा आणि ती ओळखणारा एकाच गावात राहत. जुने महजर आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे जाणते लोक जमत, आणि निर्णयाच्या कागदावर सर्वांची साक्ष पडे. ज्याला अक्षर येत नसे, तो आपली निशाणी करी. शेतकऱ्याची निशाणी नांगर. त्या नांगराच्या चित्राला किंमत होती, कारण तो काढणाऱ्याला उभे गाव ओळखत होते. आणि कागद संपला तेथे मर्यादेचा शिक्का बसे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आढळते, ती उगीच नाही. मजकूर येथे संपला, ह्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ.

म्हणजे साक्ष, ओळख आणि मर्यादा ह्या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी पक्क्या बांधल्या होत्या. आज सातासमुद्रापार असलेल्या मुलाच्या सहीसाठी कायदा ज्या खटपटी सांगतो, त्या ह्याच तीन गोष्टींच्या आहेत. नावे तेवढी परकी आहेत.

आता ही नावे एकेक करून पाहू.

पहिला साक्षीदार. साक्षीदार काय सांगतो? ‘ह्या माणसाने माझ्यादेखत सही केली,’ एवढेच. कागदातला मजकूर खरा आहे, असे तो सांगत नाही. अनेकदा त्याने तो वाचलेलाही नसतो, आणि कायद्याने त्याला तो वाचलाच पाहिजे असेही नाही. पण सही मात्र त्याने पाहिलेली असली पाहिजे, किंवा सही करणाऱ्याने ‘ही माझीच’ अशी कबुली त्याच्यापाशी दिलेली असली पाहिजे. मृत्युपत्राला असे दोन साक्षीदार लागतात. सही न पाहता, मित्राच्या शब्दावर साक्ष घालणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की दहा वर्षांनी न्यायालयात उभे केले तर तुम्ही शपथेवर काय सांगणार?

दुसरा नोटरी. आपल्याकडे नोटरींचा कायदा १९५२ सालचा, तो अमलात आला १४ फेब्रुवारी १९५६ रोजी. नोटरी हा साक्षीदारापेक्षा एक पायरी वरचा. समोर आलेला माणूस तोच आहे ह्याची खातरजमा करणे आणि तसा दाखला आपल्या सही-शिक्क्याने देणे, हे त्याचे काम. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोटरी हा शब्द सगळ्या देशांत एक असला, तरी माणूस एक नव्हे. आपल्याकडे तो अनुभवी वकील असतो. अमेरिकेत तो बँकेतला कारकूनही असू शकतो. फ्रान्स-जर्मनीत तो स्वतः दस्त लिहिणारा, कायद्यातला मोठा अधिकारी असतो. आणि फार लांब कशाला, आपल्या गोव्यात पोर्तुगीज पद्धतीची परंपरा असल्यामुळे आजही वारसाचा दस्त खास नोटरीपुढे होतो. हा भेद न ओळखता, ‘नोटरीकडून आणा’ एवढाच निरोप आपण परदेशी धाडतो, आणि मग मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून शिक्का मारून आणतो.

तिसरी गोष्ट, त्या नोटरीच्या शिक्क्याची ओळख. न्यू जर्सीतल्या नोटरीला हिंगोलीत कोण ओळखतो? म्हणून पूर्वी साखळी असे. नोटरीची सही त्याच्या वरिष्ठाने ओळखायची, वरिष्ठाची परराष्ट्र खात्याने, आणि परराष्ट्र खात्याची आपल्या वकिलातीने. ही साखळी तोडण्यासाठी हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराने एक चौकोनी दाखला आणला, त्याचे नाव अपोस्टिल. बाजू किमान ९ सेंटिमीटर, वर फ्रेंच भाषेतले शीर्षक आणि खाली दहा क्रमांकित बाबी: कोणता देश, कोणी सही केली, कोणत्या अधिकाराने, कोणाचा शिक्का, कोठे, केव्हा वगैरे. हा एक दाखला चिकटला, की करारातल्या दुसऱ्या देशाने पुढची ओळख मागायची नाही. भारत ह्या करारात आला आणि तो आपल्यासाठी १४ जुलै २००५ पासून लागू झाला. चीन २०२३ मध्ये आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. आखातात ओमान, बहरीन, सौदी अरेबिया करारात आहेत, पण सगळेच देश नाहीत. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवला होता, म्हणून तिकडचे कागद करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

येथे पुन्हा तीच सूचना. अपोस्टिल काय सांगतो? ‘हा शिक्का त्या नोटरीचाच आहे,’ एवढेच. मजकुराच्या खरेपणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खोट्या मजकुरावरही खरा अपोस्टिल बसू शकतो. रंगीत फीत आणि उठावाचा शिक्का पाहून आपली माणसे हात जोडतात, म्हणून हे स्पष्ट सांगितले.

चौथे दार आपल्या घरचे, म्हणजे भारतीय वकिलात. स्वातंत्र्य मिळाले, देशोदेशी आपली वकिलात उघडू लागली, तेव्हा १९४८ साली कायदा झाला. त्याने आपल्या राजनैतिक आणि वाणिज्यदूत अधिकाऱ्यांना परदेशात शपथ देण्याचा, प्रतिज्ञापत्र घेण्याचा आणि नोटरीचे काम करण्याचा अधिकार दिला. ते काम भारतात नोटरीने केल्याइतकेच प्रभावी धरले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ३३ वे कलम सांगते, की परदेशी राहणाऱ्याने दस्तनोंदणीसाठी द्यावयाचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत ह्यांच्यापुढे केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले असावे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ८५ व्या कलमाने अशा मुखत्यारपत्राबद्दल न्यायालयाला एक गृहीतक दिले होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते कायम आहे.

आपण म्हणाल, हे सगळे ठीक, पण दाखल्यातल्या चार शब्दांनी असे काय बिघडते? जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग ह्या नावाचा एक दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली निकालात काढला. त्यात अमेरिकेत नोटरीपुढे केलेले मुखत्यारपत्र होते. पहिल्या पत्रावरच्या दाखल्यात, सही करणारा माणूस तोच आहे ह्याची नोटरीने खातरजमा केली, हे लिहायचे राहून गेले होते. पुढे दुसरे पत्र केले, त्यात ती ओळख नीट नमूद केली, आणि त्यामुळे पहिल्याची उणीव भरून निघाली. एका वाक्याच्या उणिवेसाठी दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला! ‘मी सही पाहिली’ आणि ‘मी माणूस ओळखला’ ह्या दोन वाक्यांत हे एवढे अंतर आहे.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. सांगताना मला अवघड वाटते, कारण तिच्यात चूक कोणाची असेल तर ती माझी आहे.

माझे मेव्हणे वारले. मागे माझी थोरली बहीण, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. जमीन थोडी, कालव्याखालची. वर्षभराने बहिणीच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न निघाला, एकर-दीड एकर विकावी असे ठरले. वारसांच्या सह्या हव्यात. मी घरचा वकील. मी काय केले? आपल्याकडची जी रीत, तीच केली. बहिणीने भावांच्या नावे हक्क सोडायचा, असे हक्कसोडपत्र तयार केले आणि भाचीला धाडून दिले. फोनवर म्हटले, ‘बाई, वकिलातीत जा, दोन साक्षीदार ने, सही कर आणि पाठव. फार विचार करण्यासारखे काही नाही.’

ती गेली. रजा काढून, दोन मैत्रिणींना साक्षीला घेऊन, तीन तासांचा प्रवास करून गेली. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, आणि रिवाजाप्रमाणे एक प्रश्न विचारला: ह्यात काय लिहिले आहे ते आपल्याला माहीत आहे ना, आणि सही आपण राजीखुशीने करता आहात ना?

त्या प्रश्नापाशी भाची थबकली. तिने खिडकीपासून बाजूला होऊन कागद पहिल्यांदा नीट वाचला. आणि सही न करता ती परत आली. त्या रात्री तिचा फोन आला. ‘मामा, आईच्या औषधपाण्यासाठी सगळी जमीन विका, मी सही देते. पण ह्या कागदात मी बाबांच्या घरातून कायमची बाहेर पडते आहे. हे तुम्ही मला सांगितले नाहीत.’

मित्रहो, मी ३० वर्षे लोकांना कायदा सांगतो आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीला वारस केले, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, हे मी ह्याच तोंडाने कितीदा सांगितले असेल. पण घरात आले तेव्हा मला रीत आठवली, कायदा आठवला नाही. तो आठवला एका परक्या शहरातल्या खिडकीवर, एका अनोळखी अधिकाऱ्याच्या सवयीच्या प्रश्नाने.

मग दुसरा कागद केला. खास मुखत्यारपत्र: अमुक गटातील एवढी जमीन, आईच्या उपचारासाठी, अमुक भावाने विकावी, माझ्या वाट्याची रक्कम आईच्या खात्यात जमा करावी, ह्याहून अधिक अधिकार नाही. पुन्हा वेळ घेतली, पुन्हा रजा, पुन्हा प्रवास. मध्ये दोन महिने गेले. शस्त्रक्रिया थांबणार नव्हती, ती कर्ज काढून झाली. बहीण बरी झाली, ईश्वराची कृपा. पण त्या कर्जाच्या व्याजात जे गेले, ते माझ्या निष्काळजीपणाचे मोल होते. आज सातबारावर भाचीचे नाव भावांच्या नावाखाली आहे. भाऊबीजेला भाऊ तिला फोन करतात. जे तुटेल अशी आम्हाला धास्ती होती, ते काही तुटले नाही.

म्हणून मी म्हणतो, ह्या खटपटीकडे केवळ कटकट म्हणून पाहू नका. ‘राजीखुशीने ना?’ हा प्रश्न विचारला जावा, म्हणून ती खटपट आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट नावाची. सातबारावर मुलीचे माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. मुखत्यारपत्रात ‘पूर्वाश्रमीचे नाव अमुक’ असे स्पष्ट घाला आणि लग्नाचा दाखला जोडा. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा सातबारावरून उतरवून घ्या, आठवणीतून लिहू नका. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जुन्या कागदांवर परभणी आहे, नव्यावर हिंगोली. दोन्ही लिहा. निजामी अमदानीतले उर्दू कागद आणि १९५४ सालचे खासरा पत्रक घरात असेल तर तेही जपून ठेवा.

दुसरी मर्यादेची. प्रत्येक पानावर सही असू द्या, पाने एकत्र शिवलेली किंवा शिक्क्याने जोडलेली असू द्या, आणि शेवटच्या पानावर नुसत्या सह्या न ठेवता मजकुराच्या दोन ओळी तरी येऊ द्या. नाहीतर वरची पाने बदलून खालच्या सहीला नवा संसार थाटून देणारे महाभाग आहेत.

तिसरी मुदतीची, आणि हिच्यात सर्वांत जास्त लोक फसतात. राज्याबाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. नाहीतर दंड बसतो. आणि दस्त स्वतःच नोंदणीचा असेल, तर तो भारतात पोहोचल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला सादर करावा लागतो. शुल्काचा दर बदलत असतो, तो दुय्यम निबंधकांकडे विचारावा. पण कुरिअरचा लिफाफा फेकू नका. कागद कधी आला, ह्याचा पुरावा तो लिफाफाच आहे.

चौथी गोष्ट. मुलगा रजेवर गावी आलेला असताना मुखत्यारपत्र करायचे असेल, तर नोटरीवर भागवू नका. नोंदणीच्या कामासाठी ते दुय्यम निबंधकांपुढे प्रमाणित करून घ्या. परदेशात असताना नोटरी चालतो, म्हणून हिंगोलीत बसूनही चालेल, असा गोंधळ पुष्कळांचा होतो.

पाचवी, मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. मुखत्यारपत्रावर जमिनी ‘विकत’ घेण्याचा जो धंदा चालतो, त्याला सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट नकार दिला. मालकी जाते ती नोंदलेल्या खरेदीखताने. आणि सर्वसाधारणपणे देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपते. बाप गेल्यावर बापाने दिलेल्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करणे, हे मृताच्या हाताने सही करण्यासारखे आहे. कुलमुखत्यारपत्राऐवजी कामापुरते खास पत्र द्यावे, त्यात मुदत घालावी, आणि ते रद्द करायचे झाल्यास मुखत्याराला व संबंधितांना लेखी कळवून वर्तमानपत्रात नोटीस द्यावी. मनातल्या मनात रद्द केलेले पत्र जगाच्या दृष्टीने चालूच असते.

सहावी वृद्धांची. मुलाकडे परदेशी गेलेल्या निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तोही वकिलातीतल्या अधिकाऱ्याकडून मिळतो, आणि २०१४ पासून जीवन प्रमाण ही डिजिटल सोयही आहे. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला धावावे लागते, ह्याचा म्हाताऱ्यांना राग येतो. पण गेलेल्या माणसाच्या नावावर पेन्शन उचलणारे हातही ह्याच जगात आहेत, त्याला काय करावे?

आणि वारसाची नोंद. कोणी गेले, की तीन महिन्यांच्या आत ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो त्यांच्याकडे वर्दी द्यावी, असे १९६६ चा जमीन महसूल अधिनियम सांगतो. त्या वर्दीत परदेशातल्या मुलीचे नाव गाळू नका. ‘ती कुठे येणार आहे विचारायला?’ असे म्हणून गाळलेले नाव वीस वर्षांनी दावा होऊन परत येते. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळालेली त्याची राहते, हेही लक्षात असू द्या.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. येथून जाताना एवढेच करा. ज्यांची मुले-मुली बाहेर आहेत, त्यांनी ह्या रविवारी त्यांना फोन करावा. ‘जेवलास का’ विचारून झाले, की विचारावे, तुझ्या पासपोर्टवर नाव कसे आहे? आणि पुढे कधी कागद पाठवाल, तेव्हा ‘फार विचार करण्यासारखे काही नाही’ हे माझे वाक्य तेवढे वापरू नका. कागदात काय आहे ते आधी मराठीत, सावकाश, पूर्ण सांगा. मग त्याला साक्षीदार बघा, नोटरी बघा, शिक्का बघा. जुन्या काळी नांगराची निशाणी काढणाऱ्याला गाव कागद वाचून दाखवत असे. आपली मुले पुष्कळ शिकली आहेत, म्हणून आपण ते वाचून दाखवणे सोडून दिले. ते तेवढे पुन्हा सुरू करू या.